शेवटच्या पानाचं बटण

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी प्रणिताच्या पडद्यावरची बटणं पुन्हा जागा सोडून गेली.

सकाळी आठपासून सगळं कसं हाताशी होतं. मधोमध नावांचा तक्ता, त्याच्या उजव्या कडेला 'फोन लावा'चं हिरवं बटण, त्याच्याखाली 'गारवा गाडी पाठवा', बस्स. आता सवयीने अंगठा उजवीकडे गेला तर तिथे नुसती पांढरी जागा. हिरवं बटण डावीकडे तळाला जाऊन बसलं होतं. अक्षरं फुगून दुप्पट झाली होती. तक्त्याच्या डोक्यावर 'एकूण ३,८१२ पैकी १ ते २५' असा ठळक फलक लागला होता आणि डाव्या कोपऱ्यात विटेएवढं एक बटण उगवलं होतं: 'शेवटचं पान'.

"आली," प्रणिता पुटपुटली आणि डोळे मिटून खुर्चीत मागे रेलली.

बाहेर चंद्रपुरात अठ्ठेचाळीस अंश होते. आत एसी होता, पण वीज वाचवायची म्हणून तो तिसावर बांधून ठेवलेला. उष्मा कक्षातला तिचा हा सहावा उन्हाळा. पहिल्या उन्हाळ्यात घरी गेल्यावर ती नवऱ्याला प्रत्येक म्हातारीची हकिगत सांगायची. आता घरी गेल्यावर कोणी 'पाणी देऊ का' असं विचारलं तरी तिच्या अंगावर काटा यायचा, कारण दिवसभरात दोनशे वेळा ती स्वतः हेच विचारत असे. पाणी प्यालात का? कूलर चालू आहे का? चक्कर येते का? ठेवते मग.

ती उठून अनिकेत पिदुरकरांच्या टेबलाशी गेली. कक्षाचे प्रमुख पिदुरकर तिच्याहून बारा वर्षांनी लहान होते. माणूस वाईट नव्हता, फक्त कागदाला घाबरायचा.

"सर, माझा पडदा पुन्हा फिरला."

"माहीत आहे मॅडम. आज चार वाजता कंपनीचा माणूस लाइनवर येऊन रायला. तुमच्या खात्यात दोन मांडण्या आहेत म्हणे. एक पुसायची. कोणती ते तुम्ही सांगायचं, फॉर्म भरायचा, विषय संपला."

"त्यात सांगायचं काय? दुपारची पुसा."

"मग दोन तास काढा कसेतरी."

दोन तास काय, सहा महिने काढले होते तिने. ती जागेवर येऊन बसली.

हा उष्मा कक्ष आणि ती बटणं, दोन्ही जरा समजावून सांगायला हवीत. जिल्ह्यात साठीच्या वरचं जे कोणी एकटं राहतं, त्याच्या मनगटात सरकारने एक कडं घातलं होतं. हे कडं कातडीची उष्णता आणि नाडी मोजतं आणि दर दहा मिनिटांनी कक्षाला कळवतं. त्यावरून यंत्र प्रत्येकाला धोक्याचा आकडा देतं. ज्याचा आकडा मोठा तो तक्त्यात वर, लाल रंगात. बारा पडद्यांसमोर बारा जण बसतात, प्रत्येकाकडे शहराचा एक तुकडा. वरून सुरुवात करायची, फोन लावायचे. आवाज अडखळला तर नर्स आणि बर्फ घेऊन गारवा गाडी निघते. यात कोणाचाच आक्षेप नव्हता.

चार वर्षांपूर्वी कक्षात 'सोय' आली. पडद्याच्या कडेला मसुराएवढा कॅमेरा असतो, तो तुमची बुबुळं पाहतो. काच तुमचं बोट ओळखते. दूरच्या आणि लहान बटणापर्यंत पोचायला बोटाला जास्त वेळ लागतो, हे कोणीही सांगेल. सोय एवढंच करते की तुम्ही जे बटण वापरता ते मोठं करून जवळ आणते आणि जे वापरत नाही ते लहान करत करत कडेला नेते. तरीही तिकडे नजर गेली नाही, तर शेवटी कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांच्या आत घालून ठेवते. ओट्यावर रोजचा मिठाचा डबा पुढे येतो आणि ओवा मागे जातो तसंच. माणूस शिकायला तिला एकवीस दिवस लागतात. सोय आल्यावर प्रत्येकाचे दिवसाचे फोन एकशेचाळीसवरून दोनशेदहावर गेले.

कंपनीने आरोग्य खात्याला लिहून दिलं होतं की आम्ही माहितीला हात लावत नाही, एकही ओळ वर-खाली करत नाही, फक्त भोवतालची बटणं हलवतो. ते खरंच होतं. अशा तक्त्याच्या भोवतालची बटणंच गेली तर त्यातलं दिसणार काय, हे मात्र कोणी विचारलं नाही. प्रणिताच्या पडद्यावर पान पुढे नेण्याचं बटण पहिल्याच वर्षी आटलं. दर दहा मिनिटांनी नवे लाल लोक पहिल्या पानावर येतच असत, मग दुसऱ्या पानावर जायला कोणाला सवड? पाठोपाठ 'एकूण किती' हा फलकही गेला. आपल्याकडे किती माणसं आहेत, हे तिला चार वर्षांत कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बटणं हाताने हवी तशी लावायचीही सोय होती, पण ती वापरत कोणी नव्हतं, म्हणून तीही त्या तीन ठिपक्यांत जाऊन पडली होती.

कंपनीचे इंजिनिअर आणखी शहाणे. त्यांनी ओळखलं की सकाळचा माणूस आणि दुपारचा माणूस एक नसतो. पापण्या जड झाल्या, बोट मंदावलं, की दमलेल्या माणसासाठी वेगळी मांडणी पुढे यायची. दर खात्याला दोन मांडण्या, एक ताजी, एक दमलेली. दमलेल्याला बदल नको, म्हणून दुसरी एकदा बसली की हलत नसे.

आणि इथेच प्रणिता आणि करुणा यांनी मिळून एक घोळ करून ठेवला होता.

करुणा गेडाम साडेतीन वर्षांपूर्वी कक्षात आली ती तीस वर्षं अंगणवाडीत घालवून, सत्तावन्नाव्या वर्षी. डावखुरी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं मोकळं. सोयीला शिकायला एकवीस दिवस लागणार, तोवर आकडा पडणार आणि आकडे तर दर सोमवारी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले जायचे. प्रणिताला तिची दया आली. "माझ्याच खात्यावर बसत जा," ती म्हणाली. "मी आठ ते बारा, तू बारा ते चार. पडद्यावर नसेल तिने नोंदवह्या लिहायच्या. कोणाला कळतं?" आपल्याकडे ऑफिसात असलं जुळवून घेणं चालतंच. यंत्राला मात्र जुळवून घेणं ठाऊक नव्हतं. त्याने निष्कर्ष काढला की प्रणिता मोहितकर ही एकच बाई आहे, सकाळी चपळ आणि उजव्या हाताची, दुपारी दमलेली आणि डाव्या हाताची.

करुणा पेपर शेवटच्या पानापासून वाचायची. तक्ताही ती शेवटच्या पानापासूनच बघायची.

"असं काहून वं?" प्रणिताने एकदा डबा खाताना विचारलं होतं.

"अंगणवाडीत जे पोट्टं रडते त्याची मले कधी काळजी नसे. गप बसलेलं आधी पाह्यचो आम्ही."

गप्प बसलेले म्हणजे ज्यांच्या कड्याकडून काही येत नाही ते. चार्जिंग संपलेलं, काढून ठेवलेलं, बिघडलेलं. उष्णताच कळत नाही म्हटल्यावर यंत्र त्यांना धोक्याचा आकडा तरी कुठून देणार? ते राखाडी होऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहायचे, जो सगळ्यात नवा गप्प झाला तो सगळ्यात शेवटी. त्यांच्यासाठी घरोघरी फिरणारं वेगळं पथक आहे, असा कक्षात सर्वांचा समज होता. ते पथक कोणी पाहिलं नव्हतं.

करुणा एकेका राखाडी नावापायी दहा-दहा फोन करायची. त्याचा लागला नाही तर शेजाऱ्याला, शेजारी नसला तर किराणावाल्याला. साहजिकच दुपारचा आकडा पडायचा. गेल्या दिवाळीआधी तिला साठ पूर्ण झाली आणि वर्षभराची मुदतवाढ मिळणार की नाही, असा प्रश्न आला. त्याच आठवड्यात पिदुरकरांनी प्रणिताला बोलावून विचारलं, "मॅडम, तुमचा आकडा दुपारीच कसा काय बसतो?"

तेव्हा प्रणिता म्हणाली, "दुपारी मी नसते."

तीन शब्द. खोटं काहीच नव्हतं. पिदुरकर सगळं समजले, म्हणाले, "लेखी काही नको," आणि करुणाची मुदतवाढ आली नाही. शेवटच्या दिवशी करुणाने खुर्चीवरची उशी काखेत मारली, "जातो वं" म्हणाली आणि प्रणिताकडे न पाहता गेली. जानेवारीत तिचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा प्रणिताने उजळलेलं नाव पाहिलं आणि मोबाइल पालथा ठेवला. काय बोलणार होती? पुढे मोबाइलमधल्या सोयीनेच ते नाव खाली नेलं. वापरात नसलेल्या गोष्टी तीही खाली नेते.

प्रणिता आता आठ ते चार एकटीच बसे. दोनच्या सुमाराला पापण्या जड होत आणि यंत्र इमानेइतबारे करुणाचा पडदा तिच्यापुढे आणून ठेवी. अडचण बटणांची नव्हती, हात कुठेही वळतो. रोज दोन वाजता करुणा शेजारी येऊन बसल्यासारखं होई, ते तिला सोसत नव्हतं. म्हणून पुसायचं होतं.

त्या गुरुवारी अडीचच्या सुमाराला वरच्या लाल ओळीतल्या आजोबांशी बोलून तिने फोन ठेवला आणि पुढचा लावायला हात डावीकडे नेला. दमलेला हात तो. हिरव्या बटणाऐवजी विटेवर पडला. तक्ता लुकलुकला आणि शेवटचं पान उघडलं.

सगळं राखाडी. उष्णतेच्या रकान्यात नुसत्या आडव्या रेघा. परत जायचं बटण शोधताना तिची नजर खालून दुसऱ्या ओळीवर गेली आणि तिथेच अडकली.

गेडाम करुणा महादेव. वय ६०. टेकामपुरा, गल्ली दोन. कडं गप्प: काल सकाळी ७.२०.

करुणालाही कडं मिळालं असणार, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. साठ झाली, नवरा जाऊन वीस वर्षं, मूलबाळ नाही. म्हणजे नियमात बसते. आणि टेकामपुरा तर प्रणिताच्याच तुकड्यात येत होता.

तिने फोन लावला. बंद. मोबाइल काढून त्यात पाहिलं, कदाचित दुसरा नंबर असेल. नाव सापडेपर्यंत बोट घासत घासत किती खाली जावं लागलं! एकच नंबर होता, तोच, आणि तो बंद.

तक्त्यात 'शेजारी' म्हणून एक रकाना होता. सकाळच्या मांडणीत तो उघडायचं बटणच दिसत नसे. शेवटच्या पानावर तो गच्च भरलेला होता आणि भाषा सरकारी नव्हती. 'कोवे ताराबाई: दार आतून लावत नाही, हाक मारून सरळ आत जा.' 'निखाडे गोविंदा: जावई फक्त रविवारी घरी. इतर दिवशी सायकलवाल्याला सांगा.' 'पिंपळशेंडे वासुदेव: शेजारी रेशमा झाडे, पिठाची गिरणी. दोनदा फोन करा, गिरणीच्या आवाजात पहिला ऐकू येत नाही.' तीन वर्षं दुपारच्या दुपारी करुणाने हे लिहून ठेवलं होतं.

करुणाच्या स्वतःच्या नावापुढचा रकाना रिकामा होता. तो भरणारं माणूस कक्षातून गेलं होतं.

पिंपळशेंडेही गल्ली दोनमध्येच राहत होते. प्रणिताने रेशमा झाडेला फोन लावला आणि दोनदा लावायची मनाची तयारी ठेवली. पहिल्याच रिंगला उचलला.

"कोन?"

"उष्मा कक्षातून बोलते. रेशमाबाई ना? गिरणी बंद आहे का?"

"बंदच ना बाई. मंगळवार रात्रीपासून लाइन नाही. डीपी जळली. तक्रार देऊन देऊन थकलो. हा फोन बी बाजारातून चार्ज करून आनला."

प्रणिताने राखाडी ओळींकडे पुन्हा पाहिलं. सगळं एका क्षणात समोर आलं. वीज नाही म्हणजे कूलर नाही. वीज नाही म्हणजे रात्री कडं चार्ज झालं नाही आणि सकाळी ऊन चढायच्या आत गप्प झालं. ज्यांना आज सगळ्यात जास्त धोका, तेच तक्त्यात सगळ्यात शेवटी. तिने पान वर सरकवलं. टेकामपुरा, टेकामपुरा, टेकामपुरा. आदल्या पानावरही तेच. सदतीस नावं.

"रेशमाबाई, करुणाताई गेडाम माहीत आहे? तुमच्याच गल्लीत."

"अंगणवाडीवाल्या बाई? त्या काल दिसल्या नाही मले. आज बी नाही."

"आत्ताच्या आत्ता जा. फोन चालू ठेवा. पळा हो."

चपलांचा आवाज, धाप, मग दार ठोकणं. "बाई! ओ बाई! आतून कडी हाय." कोणीतरी पुरुष बोलला. लाकडावर काहीतरी जड आपटलं. एकदा, दोनदा.

"पडली आहे वं माय! रांजणापाशी पडली आहे!"

"श्वास? श्वास बघा!"

"चालू हाय. बोलत नाही. आंग तव्यासारखं झालं."

"ओल्या चादरीत गुंडाळा. मानेला, काखेत, जांघेत ओले कपडे ठेवा. पाणी तोंडात ओतू नका. गाडी पाठवते."

तिने 'गारवा गाडी पाठवा' दाबलं. पडद्यावर पाटी आली: तापमान उपलब्ध नाही. गाडी पाठवता येत नाही.

प्रणिता उभी राहून ओरडली. सहा वर्षांत त्या खोलीत कोणी ओरडलं नव्हतं. "सर! गाडीवाल्याला तुमच्या मोबाइलवरून फोन लावा! टेकामपुरा, गल्ली दोन! एक नाही, आहेत तेवढ्या पाठवा!"

पिदुरकर धावत आले, पडदा पाहिला, आणि या माणसाने त्या दिवशी एकही कागद मागितला नाही. त्यांनी आधी गाड्यांना फोन लावला, मग वीजवाल्यांना, मग खोलीभर फिरून अकरा जणांना प्रणिताच्या शेवटच्या दोन पानांवर बसवलं. प्रत्येकाच्या पडद्यावर शेवटच्या पानाचं बटण कुठे आहे, हेच आधी शोधावं लागलं. ते प्रत्येकाच्या तीन ठिपक्यांत, ओळीने सगळ्यात खाली होतं.

करुणाच्या रकान्यातल्या शेजाऱ्यांना फोन गेले. जावयाला, सायकलवाल्याला, किराणावालीला. पावणेचारपर्यंत सदतीसपैकी पस्तीस जण जिवंत सापडले, त्यातल्या नऊ जणांना गाडीतून दवाखान्यात नेलं. गोविंदा निखाडे आणि ताराबाई कोवे मात्र तोवर वारले होते. ताराबाईंकडे गेलेल्या माणसाने सांगितलं की दार आतून लावलेलं नव्हतं, हाक मारून सरळ आत गेलो. प्रणिताने ते ऐकलं आणि टेबलावर डोकं टेकून रडली. त्या बाईला सहा महिन्यांत एक फोन गेला असता, नुसता एक, तर आज तिची आठवण कोणालातरी आली असती. हे तिच्यामुळे झालं होतं. पूर्ण तिच्यामुळे नसेल, पण तिच्यामुळेही झालं होतं.

चार वाजता कंपनीचा माणूस लाइनवर आला. आवाज गोड.

"नमस्कार मॅडम. दुपारची मांडणी पुसायची ना?"

"नाही. सकाळची पुसा."

"सकाळची?" तो गोंधळला. "मॅडम, ती तुमची वेगवान मांडणी आहे. दुपारच्या मांडणीत फोन निम्मे होतात."

"मला माहीत आहे किती होतात ते."

"मग फॉर्ममध्ये कारण लिहावं लागेल."

तिने लिहायला घेतलं. पिदुरकर मागे उभे होते. पहिली ओळ वाचून त्यांचा चेहरा उतरला. तिने लिहिलं होतं: दुपारची मांडणी माझी नाही. ती करुणा महादेव गेडाम यांची आहे. त्या तीन वर्षं माझ्या खात्यावर काम करत होत्या आणि त्यांचा आकडा का पडत होता हे माहीत असून मी सांगितलं नाही.

"मॅडम, हे लेखी गेलं तर तुमच्या सेवापुस्तकात शेरा बसेल. माझंही नाव येईल त्यात."

"येऊ द्या सर."

मग त्यांनी खाली, प्रमुखाच्या सहीच्या जागी सही केली.

शेरा बसला. चौकशी समिती नेमली गेली, तिचा अहवाल यायचा आहे. शेवटच्या पानाचं बटण सर्व पडद्यांवर पक्कं बसवावं, सोयीला ते हलवता येऊ नये, असा प्रस्ताव वर गेला आहे. तो कुठल्या टेबलावर आहे ते कोणी सांगू शकत नाही. तोवर बाराही पडद्यांच्या कडेला पिदुरकरांनी कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत: आधी मागून बघा. पुढच्या सोमवारी आकडे वाचले गेले तेव्हा प्रणिताचा सगळ्यात खाली होता. डाव्या हाताने अजून तिला नीट जमत नाही.

दवाखान्यात जायचं धैर्य गोळा करायला तिला सहा दिवस लागले. करुणा पलंगावर बसलेली होती, हातात सलाईन, डोळे खोल गेलेले, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. पेपर शेवटच्या पानावर उघडलेला.

"बस," ती म्हणाली. "किती वाळली वं तू."

प्रणिता स्टुलावर बसली. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरली.

"दुपारी मी नसते, असं म्हणाले होते मी सरांना. दिवाळीत."

"माहीत आहे. त्याच दिवशी समजलं होतं मले."

"मग जानेवारीत फोन का केलास?"

"भांडाले केला होता. तू उचललाच नाही." करुणाने पेपरची घडी केली. "ताराबाई गेली म्हणते."

"हो."

"लय चांगली होती. मले रोज विचारे, तू जेवली का म्हणून. फोन मी लावायचा आणि विचारायची ती." तिने चष्मा काढून पदराने डोळे पुसले. प्रणिताला तिचा हात धरावासा वाटला, आणि तिने धरला.

"कोणती ठेवली मग?" करुणाने विचारलं.

"तुझी."

"आणि सकाळी? तुझा तर हात उजवा."

"शिकून रायली."

करुणा हसली. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाली, "माझ्या नावापुढं शेजारी कोण लिहिलं? रिकामंच आहे ना ते?"

"लिहिलं. प्रणिता मोहितकर. फोन एकदाच करा, लगेच उचलते."

"खोटं काहून लिहिलं वं?" करुणा म्हणाली. "दोनदा मीच केला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता प्रणिताने डाव्या हाताने शेवटचं पान उघडलं. तिथे नऊ राखाडी नावं होती. ती घेण्याआधी तिने करुणाचं नाव शोधलं आणि शेजाऱ्याच्या रकान्यात दुरुस्ती केली: प्रणिता मोहितकर. दोनदा उचलला नाही तर तिसऱ्यांदा करा. मग ती नऊ नावांकडे वळली आणि पहिला फोन लावला.